कोसळलेला संगणक पुन्हा उभा कसा राहतो?



१९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक लहानशी फाइल रवाना केली. सायबर हल्ल्यांची नवी तऱ्हा ओळखण्यासाठी लागणारी माहिती तीत होती. अशा फाइली नेहमीच पाठवल्या जातात आणि त्यांची कोणी दखलही घेत नाही. त्या दिवशी मात्र थोड्याच वेळात जगभरातील विंडोज संगणकांचे पडदे निळे पडू लागले. संगणक बंद पडे, आपोआप पुन्हा सुरू होई आणि सुरू होता होता पुन्हा कोसळे. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या अंदाजानुसार अशा संगणकांची संख्या सुमारे ८५ लाख होती. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. पण हे संगणक विमानतळांवर, बँकांत, रुग्णालयांत आणि दूरचित्रवाणी केंद्रांत बसवलेले होते. भारतात इंडिगो कंपनीला सुमारे २०० उड्डाणे रद्द करावी लागली. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

या घटनेतील एक बाब विचार करण्याजोगी आहे. सदोष फाइल अवघ्या ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली होती. चूक सापडली होती, तिच्यावरचा उपायही ज्ञात होता. तरीही अनेक संस्थांचे कामकाज पूर्ववत होण्यास कित्येक दिवस लागले. अमेरिकेतील डेल्टा या विमान कंपनीची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली. असे का व्हावे? याचे उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. जो संगणक चालू आहे त्याला दुरुस्ती दुरून पाठवता येते. जो सुरूच होत नाही, त्याला ती पोहोचवायची कशी? म्हणूनच संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, सुरू होण्यात अपयशी ठरली तर ती स्वतःला कशी सावरते, हा प्रश्न आज केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. ज्या देशात शिधावाटपापासून रेल्वे आरक्षणापर्यंतचे व्यवहार संगणकावर चालतात, तेथे तो लोकप्रशासनाचाही प्रश्न आहे.

सुरू होणे म्हणजे काय?

संगणकाची कार्यरत स्मृती वीज जाताच रिकामी होते. त्यामुळे कळ दाबली जाते त्या क्षणी संगणकाला काहीच आठवत नसते. कार्यप्रणाली डिस्कवर सुरक्षित असते खरी, परंतु डिस्कवरून ती उचलून स्मृतीत आणण्याचे कामही एखाद्या कार्यक्रमानेच करावे लागते. मग तो पहिला कार्यक्रम कोठून यायचा? आधी बीज की आधी वृक्ष, अशातला हा प्रकार आहे. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, अशी एक इंग्रजी कल्पना आहे. तिच्यावरूनच या क्रियेला ‘बूट होणे’ हे नाव मिळाले.

या कोड्याची उकल टप्प्याटप्प्याने केलेली असते. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये वीज गेल्यावरही टिकून राहणारा एक लहान कार्यक्रम साठवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या संगणकांत त्याचे स्वरूप बायॉस हे होते, तर अलीकडच्या संगणकांत ते यूईएफआय हे असते. फर्मवेअर प्रथम स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादी अवयवांची तपासणी करते आणि नंतर डिस्कवरील बूट लोडर या कार्यक्रमाकडे सूत्रे सोपवते. जुन्या पद्धतीत डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचले जात. नव्या पद्धतीत त्यासाठी डिस्कवर एक स्वतंत्र विभाग राखून ठेवलेला असतो. बूट लोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हरही डिस्कवरच असल्याने अत्यावश्यक ड्रायव्हर बूट लोडरलाच कर्नलसोबत आणावे लागतात. लिनक्समध्ये हीच गरज भागवण्यासाठी एक छोटी तात्पुरती फाइल व्यवस्था प्रथम स्मृतीत उभारली जाते. त्यानंतर उर्वरित ड्रायव्हर, विविध सेवा आणि सर्वांत शेवटी वापरकर्त्याला परवलीचा शब्द विचारणारा पडदा, असा हा क्रम आहे.

या साखळीतील प्रत्येक कडी पुढच्या कडीला हात देते. एक जरी निसटली, तरी पुढचे काहीही घडत नाही. शिवाय सर्व कड्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. एखादा साधा कार्यक्रम, उदाहरणार्थ पत्रलेखनाचा, बिघडला तर तो एकटाच बंद पडतो. परंतु कर्नलच्या पातळीवर काम करणाऱ्या ड्रायव्हरने चूक केली, तर माहितीची अधिक हानी होऊ नये म्हणून कार्यप्रणाली स्वतःहून सर्व काम थांबवते. विंडोजमधील प्रसिद्ध निळा पडदा म्हणजे अशी जाणीवपूर्वक घेतलेली माघार होय.

अपयशाची नोंद कशी ठेवायची?

सावरण्याची पहिली अट म्हणजे आपण पडलो आहोत हे कळणे. माणसाला हे सहज कळते. पण प्रत्येक वेळी कोऱ्या स्मृतीने जागा होणाऱ्या संगणकाला मागच्या खेपेस काय झाले ते कसे ठाऊक असणार? त्यासाठी योजलेली युक्ती अतिशय साधी आहे. सुरुवात करतानाच बूट लोडर डिस्कवर ‘प्रारंभ सुरू झाला’ अशी एक खूण करून ठेवतो. कार्यप्रणाली व्यवस्थित उभी राहिली की ती खूण पुसली जाते. पुढच्या वेळी बूट लोडरला ती खूण तशीच आढळली, तर मागचा प्रयत्न अर्धवट राहिला असा निष्कर्ष निघतो. येथे अपयशाची नोंद अपयश आल्यावर होत नाही, कारण कोसळणारा संगणक काही लिहून ठेवील याची शाश्वती नसते. म्हणून नोंद यशाची करायची आणि ती नसेल तर अपयश गृहीत धरायचे.

या युक्तीलाही मर्यादा आहे. संगणक सुरू होत असताना वीज गेली, तरी ती खूण तशीच राहते. वास्तविक संगणकात काही बिघाड नसतो. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागात असे खोटे इशारे सतत मिळत राहिले असते. म्हणूनच अलीकडच्या विंडोजमध्ये लागोपाठ दोन वेळा प्रारंभ फसला, तरच दुरुस्तीचे वातावरण आपोआप उघडते. सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत लागोपाठ दोनदा अनपेक्षितपणे बंद पडणेही अपयशातच मोजले जाते. म्हणजे केवळ उभे राहणे पुरेसे नाही, काही काळ उभे राहून दाखवावे लागते.

लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत वापरल्या जाणाऱ्या सिस्टिमडी या व्यवस्थेत हीच कल्पना वेगळ्या रीतीने अमलात आणता येते. प्रारंभाच्या प्रत्येक पर्यायाच्या फाइलीच्या नावातच शिल्लक प्रयत्नांची संख्या लिहिलेली असते. प्रत्येक प्रयत्नाआधी ती एकाने कमी केली जाते. यश मिळाले की नावातील ती संख्या काढून टाकली जाते. संख्या शून्यावर आली, तर तो पर्याय निकामी समजून जुन्या पर्यायाला पुढे आणले जाते.

संगणक न कोसळता नुसताच गोठून गेला, तर? अशा वेळी स्वतःहून पुन्हा सुरू होण्याइतकेही त्राण त्याच्यात नसते. यासाठी अनेक यंत्रांत वॉचडॉग टायमर हा स्वतंत्र घटक बसवलेला असतो. ठरावीक काळात कार्यप्रणालीने त्याला ‘मी जागी आहे’ असे कळवले नाही, तर तो संगणक सक्तीने पुन्हा सुरू करतो. गस्तीवरच्या शिपायाने ठरल्या वेळी हजेरी न दिल्यास चौकीने तपासाला निघावे, तसा हा प्रकार आहे.

सावरण्याच्या पायऱ्या

अपयश कळल्यावर काय करायचे? यासाठी गेल्या तीन दशकांत विकसित झालेल्या उपायांची क्रमवार ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

पहिला उपाय म्हणजे ओझे कमी करून उभे राहणे. विंडोज ९५ पासून परिचित असलेला सेफ मोड हा याच जातीचा. यात केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर आणि सेवा सुरू केल्या जातात, इतर सर्वांना बाहेर ठेवले जाते. दोष बाहेर ठेवलेल्यांपैकी कोणात असेल, तर संगणक उभा राहतो आणि त्याला शोधून काढता येते.

दुसरा उपाय म्हणजे शेवटच्या ज्ञात चांगल्या स्थितीकडे परतणे. विंडोज एनटी या कार्यप्रणालीत ड्रायव्हर आणि सेवांच्या मांडणीची एक प्रत वेगळी जपून ठेवलेली असे. वापरकर्ता यशस्वीपणे आत शिरला, म्हणजे चालू मांडणी ‘चांगली’ असल्याचे मान्य होऊन तिची प्रत जपली जाई. नवा ड्रायव्हर बसवल्यावर संगणक सुरू झाला नाही, तर ही जुनी प्रत उपयोगी पडे. शेतकरी नवे वाण पेरून पाहतो, तेव्हाही घरचे खात्रीचे बियाणे कणगीत राखून ठेवतो. नवे उगवले नाही तर हंगाम बुडू नये, हाच यामागील विचार असतो.

तिसरा उपाय म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळी जागा. घर जळत असताना पाण्याची टाकी त्याच घरात असून चालत नाही. विंडोज व्हिस्टापासून संगणकाच्या डिस्कवर दुरुस्तीचे एक लहान वातावरण उपलब्ध होऊ लागले. आता ते बहुधा स्वतंत्र विभागात ठेवलेले असते. मुख्य कार्यप्रणाली उभी राहिली नाही, तर हे वातावरण थेट स्मृतीत उतरते आणि तेथून मुख्य कार्यप्रणालीची तपासणी करते. प्रारंभाच्या नोंदी बिघडल्या आहेत काय, महत्त्वाच्या फाइली गहाळ आहेत काय, डिस्कची रचना खराब झाली आहे काय, याची ती छाननी असते. ओळखीचा दोष सापडल्यास तो दुरुस्त केला जातो. अर्थात बूट लोडरच नष्ट झाला असेल, तर या वातावरणापर्यंत पोहोचणेही शक्य नसते. तेव्हा बाहेरून पेन ड्राइव्ह किंवा डिस्क लावावी लागते.

चौथा उपाय डोळ्यांना दिसत नाही, पण कदाचित सर्वाधिक वेळा तोच उपयोगी पडतो. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेल्या नोंदींमुळे संपूर्ण फाइल व्यवस्था विस्कळीत होऊ शकते. व्यापाऱ्याच्या पेढीवर प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिला जातो आणि मग खतावणीत उतरवला जातो. खतावणी करताना मुनीम मध्येच उठून गेला, तरी कीर्द पाहून काम पुढे नेता येते. विंडोजमधील एनटीएफएस आणि लिनक्समधील ईएक्सटी३ व ईएक्सटी४ या फाइल व्यवस्था हेच करतात. करावयाचा बदल आधी नोंदवहीत लिहायचा, मग प्रत्यक्ष करायचा. पुन्हा सुरू होताना नोंदवही वाचली जाते. पूर्ण नोंदलेले बदल अमलात आणले जातात, अपुरे टाकून दिले जातात. आज वीज गेल्यानंतर संगणक बहुतेक वेळा काही घडलेच नाही अशा रीतीने सुरू होतो, त्याचे बरेचसे श्रेय या पद्धतीला द्यावे लागते.

मंगळावरचा धडा

या सर्व उपायांची कसोटी पाहणारी एक घटना २००४ साली मंगळावर घडली. अमेरिकेच्या नासा या संस्थेची ‘स्पिरिट’ ही बग्गी त्या वर्षीच्या जानेवारीत मंगळावर उतरली. तिचे नियोजित आयुष्य मंगळावरील ९० दिवसांचे होते. उतरल्यानंतर तीन आठवडे होण्यापूर्वीच, २१ जानेवारीला, तिच्याशी असलेला संपर्क विस्कळीत झाला. तिचा संगणक सुरू होई, कोसळे आणि पुन्हा सुरू होई. असे साठहून अधिक वेळा घडले. त्यातच एक नवे संकट उभे राहिले. या गोंधळात बग्गी रात्रीची झोपी जात नव्हती, त्यामुळे बॅटरी उतरत चालली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

पॅसाडीना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी दोषाचा माग काढला. बग्गीच्या फ्लॅश स्मृतीत प्रवासापासूनच्या असंख्य फाइली साचल्या होत्या. प्रारंभाच्या वेळी त्या सर्वांची यादी कार्यरत स्मृतीत मांडली जाई. फाइली वाढल्या, यादी लांबली आणि तिला जागा पुरेनाशी झाली. जागा न मिळाल्याने कार्यक्रम फसे आणि संगणक पुन्हा सुरू होई. पण पुन्हा सुरू झाल्यावरही तीच यादी मांडायची असल्याने पहिले पाढे पंचावन्न! पुन्हा सुरू करणे हा अनेक विकारांवरचा उतारा असला, तरी विकाराचे मूळ टिकाऊ स्मृतीतच असेल, तर त्याचा उपयोग होत नाही, हे येथे स्पष्ट झाले.

अभियंत्यांच्या हाताशी एक गोष्ट होती. फ्लॅश स्मृतीला स्पर्श न करता सुरू होण्याची आज्ञा यानाच्या रचनेत आधीच अंतर्भूत केलेली होती. कोट्यवधी किलोमीटरवरून ती आज्ञा पाठवण्यात आली. बग्गी मर्यादित क्षमतेने का होईना, शुद्धीवर आली. अनावश्यक फाइली काढून टाकण्यात आल्या. पुढे फेब्रुवारीत फ्लॅश स्मृती पुसून नव्याने आखण्यात आली. त्यानंतर ९० दिवसांसाठी पाठवलेली ही बग्गी २०१० पर्यंत काम करत राहिली. ती वाचली, याचे कारण आणीबाणीच्या वेळी केलेल्या धावपळीइतकेच त्याआधी कित्येक महिने रचनेत ठेवलेल्या एका वेगळ्या वाटेत आहे. ती वाट नसती, तर दुरुस्तीचे सर्व ज्ञान पृथ्वीवरच राहिले असते.

दोन जागांची पद्धत

सावरण्याच्या विचारात त्यानंतर झालेली महत्त्वाची प्रगती भ्रमणध्वनीत पाहावयास मिळते. चालू कार्यप्रणालीवरच नवी आवृत्ती लिहिणे धोक्याचे असते, कारण मध्येच खंड पडला तर जुनीही जाते आणि नवीही मिळत नाही. क्रोमओएसने वापरलेली आणि अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून आलेली पद्धत अशी की, कार्यप्रणालीसाठी ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन जागा ठेवायच्या. फोन ‘अ’ जागेवरून चालू असताना नवी आवृत्ती ‘ब’ जागेत निवांतपणे लिहिली जाते. फोन पुन्हा सुरू करताना ‘ब’ला संधी मिळते, पण मोजक्याच प्रयत्नांची. ती यशस्वी झाल्याची खूण वेळेत झाली नाही, तर बूट लोडर निमूटपणे ‘अ’कडे परततो. वापरकर्त्याला अनेकदा याचा पत्ताही लागत नाही.

अँड्रॉइडच्या २०१७ मधील आठव्या आवृत्तीत आणखी एक व्यवस्था आली. मुख्य सेवा थोड्या अवधीत वारंवार कोसळू लागल्या, तर फोन एकेक पायरी चढत अधिकाधिक कठोर उपाय करून पाहतो आणि काहीच साधले नाही, तर अखेरीस पुनर्प्राप्तीच्या पडद्यावर येऊन थांबतो. तेथे सर्व माहिती पुसून फोन मूळ स्थितीत नेण्याचा पर्याय सुचवला जातो. सौम्य उपाय आधी आणि कठोर उपाय शेवटी, हा वैद्यकातील विवेकच येथे दिसतो.

सर्वसाधारण लिनक्स संगणकांवरही नवा कर्नल बसवताना जुना लगेच काढला जात नाही. प्रारंभीच्या यादीतून तो निवडता येतो. भारतात सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली असल्याने तीही याच परंपरेतील आहे.

मग २०२४ मध्ये अडले कोठे?

एवढे उपाय असताना ८५ लाख संगणक असहाय का झाले? क्राउडस्ट्राइकने नंतर प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार दोष असा होता : त्या फाइलीच्या रचनेत माहितीचे २१ घटक गृहीत धरलेले होते, तर संगणकावरील कार्यक्रम २० घटकच पुरवत होता. एकविसावा घटक वाचू पाहणाऱ्या ड्रायव्हरने स्मृतीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकले. हा ड्रायव्हर कर्नलच्या पातळीवरचा होता आणि हल्लेखोराच्या आधी जागे व्हावे म्हणून प्रारंभाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच दाखल होणारा होता. रक्षणासाठी घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ले, असा हा प्रसंग.

संगणकांनी अपयश ओळखले. पुष्कळ संगणक दुरुस्तीच्या वातावरणापर्यंत पोहोचलेही. परंतु तेथील स्वयंचलित दुरुस्तीला ठाऊक असलेल्या दोषांत हा दोष नव्हता. ड्रायव्हर बदललेला नव्हता, बदलली होती ती त्याने वाचावयाची माहिती. त्यामुळे जुन्या ड्रायव्हरकडे परतण्याच्या कल्पनेचाही उपयोग नव्हता. उपाय एवढाच होता की, सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या वातावरणात शिरून ती फाइल काढून टाकायची. काम अगदी किरकोळ, पण ते प्रत्येक संगणकासमोर बसून करावयाचे! काही संगणक पुन्हा पुन्हा सुरू केल्यावर कोसळण्यापूर्वीच्या अल्पशा अवधीत सुधारित फाइल मिळवण्यात यशस्वी झाले. त्यासाठी १५ वेळांपर्यंत पुन्हा सुरू करावे लागल्याचे काही ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टला कळवले.

आणखी एक अडचण सुरक्षेतूनच उद्भवली. चोरीला गेलेल्या संगणकातील माहिती वाचता येऊ नये म्हणून अनेक संस्था बिटलॉकरद्वारे डिस्क कुलूपबंद ठेवतात. अशी डिस्क दुरुस्तीसाठी उघडायची, तर ४८ अंकी कळ लागते. ही कळ प्रत्येक संगणकाची वेगळी असते. काही संस्थांनी या कळा ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तेच सर्व्हर बंद पडले होते. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच! कुलूप भक्कम असणे आणि आणीबाणीत ते चटकन उघडता येणे, या दोन गरजांत कायम ओढाताण असते. तिचा तोल पूर्वनियोजनानेच साधता येतो.

या अनुभवानंतर दोन सुधारणा झाल्या. क्राउडस्ट्राइकने अशा फाइली एकदम सर्वांकडे न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्विक मशीन रिकव्हरी या सोयीची घोषणा केली आणि २०२५ मध्ये ती विंडोज ११ मध्ये आणली. तीनुसार सुरू न होणारा संगणक दुरुस्तीच्या वातावरणातूनच इंटरनेटशी जोडला जाऊन मायक्रोसॉफ्टकडून उपाय मिळवू शकतो. स्पिरिटला मिळालेली वेगळी वाट वीस वर्षांनी कार्यालयातील संगणकालाही मिळू लागली, असे म्हणता येईल.

भारताच्या दृष्टीने

१९ जुलैच्या घटनेचा भारतावरील परिणाम तुलनेने मर्यादित राहिला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या जाळ्यावर परिणाम झाला नसल्याचे केंद्र सरकारने त्याच दिवशी स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार केवळ १० बँका व बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांत किरकोळ व्यत्यय आला. बहुतांश बँकांच्या महत्त्वाच्या प्रणाली क्लाउडवर नाहीत आणि हे विशिष्ट सुरक्षा साधन वापरणाऱ्या बँका थोड्या आहेत, अशी कारणे तीत नमूद होती. यात समाधान मानण्यापेक्षा बोध घेणे अधिक श्रेयस्कर. एकाच कंपनीचे साधन सर्वत्र असले, तर एकच चूक सर्वत्र पोहोचते. एकाच वाणाच्या पिकावर एकच कीड पडावी, तसे हे आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-अ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या माहिती पायाभूत सुविधांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र केंद्र आहे, तर कलम ७०-ब नुसार ‘सर्ट-इन’ ही संस्था सायबर घटनांना प्रतिसाद देण्याचे काम करते. १९ जुलैला तिनेही तातडीची सूचना प्रसृत केली होती. तथापि प्रत्यक्ष कार्यालयात कराव्या लागणाऱ्या गोष्टी संस्थांनीच करावयाच्या असतात. नवी सुधारणा आधी मोजक्या संगणकांवर पारखणे, कुलपांच्या कळांची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवणे, दुरुस्तीचे पेन ड्राइव्ह तयार ठेवणे, घेतलेली माहितीची प्रत खरोखर परत आणता येते की नाही याची वेळोवेळी चाचणी घेणे आणि संगणकाविना काही तास काम चालवण्याचा सराव करणे, या त्या गोष्टी होत. हैदराबादेत हाताने लिहिलेले बोर्डिंग पास अनेकांच्या थट्टेचा विषय झाले होते. पण त्या पासांवरच प्रवासी विमानात चढले, हे विसरता कामा नये.

आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासात प्रतिबंध, सौम्यीकरण, पूर्वतयारी, प्रतिसाद आणि पुनर्वसन असे टप्पे शिकवले जातात. संगणकाच्या प्रारंभातील अपयशाला हाच क्रम लागू पडतो. २०१५ ते २०३० या कालावधीसाठीच्या सेंडाई आराखड्यातही प्रभावी प्रतिसादासाठी पूर्वतयारीला प्राधान्य दिलेले आहे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे पुराला आणि भूकंपाला जितके खरे, तितकेच संगणकालाही.

कार्यप्रणालीच्या या वाटचालीतून तीन तत्त्वे हाती लागतात. नव्या गोष्टीने स्वतःला सिद्ध केल्याखेरीज तिला ‘चांगली’ म्हणू नये. ती सिद्ध होईपर्यंत जुनी खात्रीची गोष्ट मोडू नये. आणि दुरुस्तीची वाट मुख्य वाटेपासून वेगळी ठेवावी. ही तत्त्वे संगणकासाठी शोधली गेली असली, तरी उद्या प्रशासनात जबाबदारीच्या जागी बसणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. एखादी नवी सेवा सुरू करताना जुनी खिडकी कधी बंद करायची, हा निर्णय त्यांच्यापैकी अनेकांना घ्यावा लागणार आहे. त्या वेळी खिडकीसमोरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे काम अडणार नाही ना, एवढे पाहिले तरी या विषयाचा अभ्यास सार्थकी लागेल.